हरणाचा वाटा

ताटातून नाहीसे झालेले अन्न हा यंदाच्या अंकाचा विषय आहे, आणि इचलकरंजीच्या परिसरात असे अन्न शोधू लागले की जोंधळ्याच्या जुन्या वाणांची आणि रानभाज्यांची नावे भराभर पुढे येतात. हरणाच्या मांसाचे नाव मात्र आवाज खाली आणून आणि ‘पूर्वीच्या काळी’ अशी पुस्ती जोडूनच घेतले जाते. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने हरणाची शिकार हा गुन्हा ठरवला आहे, आणि या कायद्याची गरज होती याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि एखादे अन्न कायद्याने बंद झाले म्हणजे त्याभोवतीचे ज्ञान त्याच दिवशी संपते असे होत नाही. जनावर कसे गाठावे, त्याचे मांस उन्हाळ्यात नासू न देता कसे सोडवावे, वीस घरांत कसे वाटावे आणि उरलेले महिनाभर कसे टिकवावे, या विद्येतील स्वयंपाकघराकडचा भाग कोल्हापुरी मटणाच्या रूपाने मानाने नांदतो आहे, आणि रानाकडचा भाग ज्यांच्या हाती होता त्यांच्या वाट्याला संशय आला आहे. या विषमतेचा विचार केल्याशिवाय या मांसाची हकीकत पूर्ण होत नाही.

माळ आणि त्यावरचे जनावर

कोल्हापूर जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहत गेले तर पाऊस विलक्षण वेगाने उतरत जातो. सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर इचलकरंजीच्या पलीकडे शिरोळ तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. ‘हरीण’ या एकाच शब्दाखाली बोलीत येणारी जनावरेही या उतारानुसार बदलतात. पश्चिमेच्या दाट जंगलात सांबर, भेकर आणि जेमतेम तीन किलो वजनाचे पिसोरे राहते; पूर्वेचा उघडा गवताळ माळ हे काळविटाचे घर होते. प्राणिशास्त्र या दोहोंत भेद करते. सांबर, चितळ व भेकर ही खरी हरणे असून त्यांच्या नरांची भरीव हाडाची शिंगे ठरावीक काळाने गळून पडतात व पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा व चौशिंगा ही कुरंगवर्गातील जनावरे असून त्यांच्या शिंगांत आत हाड, बाहेर नखाच्या जातीचे कवच असते आणि ती जन्मभर राहतात.

काळविटाचे संरक्षण त्याच्या डोळ्यांत आणि पायांत असते. दूरवरचा धोका दिसला की तासाला ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेगाने ते निघून जाते, आणि म्हणून त्याला झाडी नको असते, नजर पोहोचेल असे आखूड गवत हवे असते. अशा जनावराला उसाचा फड निरुपयोगी ठरतो. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले, ते पुढे १९५७ मध्ये पूर्ण झाले, नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे उभे राहिले, सहकारी साखर कारखाने आले आणि पंचगंगा-कृष्णेच्या काठचा माळ पुरुषभर उंचीच्या हिरव्या पिकाखाली गेला. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू झाल्यानंतर वस्ती वाढत गेली, आणि जो माळ उसाखाली गेला नाही तो कारखान्यांच्या पत्र्याखाली गेला. बंदुकीने हरणे संपवली हे खरे आहे, पण या भागापुरते बोलायचे तर पाटाच्या पाण्याने ती अधिक निश्चितपणे संपवली. सरकारी दप्तरात गवताळ माळाची नोंद बहुधा ‘पडीक’ अशीच होत आली, त्यामुळे तो गेल्याचे दुःखही फारसे कोणी केले नाही.

चित्त्याची शिकार

कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीचा एक खास प्रकार या उघड्या माळामुळेच शक्य झाला होता. डोळ्यांवर कातड्याची टोपी चढवलेला, माणसाळवलेला चित्ता बैलगाडीतून कळपाच्या जवळ नेत. शेतकऱ्याची गाडी रोज पाहणारी काळविटे तिला बुजत नसत, आणि पुरेसे अंतर तुटले की टोपी काढून चित्ता सोडला जाई. त्याची धाव काही सेकंदांची असे. काळवीट खाली पाडून त्याने नरडे धरले की चित्तेवान धावत पोहोचत, जनावराच्या गळ्यावर सुरी फिरवत आणि चित्त्याला लाकडी पळीतून रक्त किंवा एखादा पाय देऊन, तो त्यात गुंतला असतानाच पुन्हा टोपी चढवत. भारतातील चित्ते दुर्मीळ झाल्यावर कोल्हापूर आणि भावनगर ही संस्थाने आफ्रिकेतून चित्ते मागवू लागली. शाहू महाराज आणि भावनगरचे भावसिंहजी हे विद्यार्थिदशेपासूनचे स्नेही होते, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

राजांच्या शिकारीने एक गोष्ट नकळत राखली, ती म्हणजे रान. दाजीपूरचे जंगल ही संस्थानची राखीव शिकारभूमी होती, आणि तिथेच १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले. आज राधानगरी अभयारण्य म्हणून ते ३५१ चौरस किलोमीटरवर पसरले आहे. पूर्वेच्या माळाला असा कोणी राखणदार लाभला नाही.

फासे लावणारे हात

राजाची शिकार चित्रांत आणि छायाचित्रांत उरली. पोटासाठी हरीण धरणाऱ्यांचे तंत्र मात्र फार थोड्यांनी लिहून ठेवले. कैलाशचंद्र मल्होत्रा, खोमणे आणि माधव गाडगीळ यांनी १९८३ मध्ये महाराष्ट्रातील तीन भटक्या समाजांच्या शिकारपद्धतींवर प्रसिद्ध केलेला अभ्यास म्हणूनच मोलाचा आहे. एकाच कोरड्या प्रदेशात फिरणारे हे समाज एकमेकांच्या भक्ष्यावर हात टाकत नसत, असे त्यात दिसून आले. नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात. वैदू पाण्यातील जीव आणि लहान मांसभक्षक धरत. काळवीट आणि तितर-लाव्यांसारखे माळावरचे पक्षी हा फासेपारध्यांचा प्रांत होता. ही वाटणी कोणत्याही कागदावर नव्हती, पण एकाच माळावर तीन समाजांचे पोट भरावे आणि कोणतेही एक जनावर संपू नये, अशी सोय तिच्यात होती.

फासेपारध्याचा फास हा एकच गळफास नसतो. लांब दोरीला ठरावीक अंतरावर तातीचे, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून वा स्नायूपासून केलेल्या चिवट दोऱ्याचे, अनेक फास बांधलेले असतात आणि ती दोरी मेखांनी जमिनीलगत पसरली जाते. कळप कोणत्या वाटेने चरत पुढे सरकणार हे आधी ओळखावे लागते; वारा, उन्हाची तिरीप, नराची हद्द आणि पाण्याची जागा या सगळ्यांचा हिशेब त्यात येतो. मग पारधी शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने, बैल चरतो त्याच संथ गतीने कळपाकडे सरकत जातो. हरणे दचकून पळाली तर सगळे फुकट जाते. ती केवळ थोडी अस्वस्थ व्हावीत आणि फासाच्या रांगेकडे चालत जावीत एवढेच त्याला साधायचे असते. फासात सापडलेले पाडस किंवा गाभण मादी सोडून देण्याचा रिवाज पारध्यांत होता, असे गाडगीळांनी नोंदवले आहे. जनावर जिवंत सापडत असल्यामुळे असा रिवाज पाळता येत होता. दूरवरून उडवलेल्या बाराला सोडून देण्याची संधी नसते.

ज्यांच्याकडे हे ज्ञान होते त्यांना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार मानले, आणि १९११ नंतर त्या कायद्याची पकड मुंबई इलाख्यावरही बसली. माणसे हजेरीला बांधली गेली, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींत डांबली गेली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये अनेक जातींवरील हजेरीची सक्ती उठवली आणि फासेपारध्यांना पहाऱ्याच्या कामावर घेतले, ही त्या काळातील विरळा गोष्ट होय. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. पुढे वीस वर्षांनी वन्यजीव कायदा आला आणि ज्या कामावर समाजाची ओळख उभी होती ते कामच गुन्हा ठरले. हरणाला संरक्षण मिळाले हे योग्यच झाले. पारध्याला त्या बदल्यात जमीन, शाळा किंवा रानातलेच दुसरे काम मिळायला हवे होते, आणि ते पुरेसे मिळाले नाही, हे या कायद्याच्या इतिहासातील मोठे उणेपण आहे.

हाका आणि वाटा

पश्चिमेकडील डोंगरी गावांत शिकारीचे रूप वेगळे होते. दाट झाडीत जनावर दिसत नाही, म्हणून ते उठवावे लागते. त्यासाठी गावकरी अर्धवर्तुळ करून आरडाओरडा करीत, डबे वाजवीत रान हाकत, आणि या प्रकाराला ‘हाका’ व हाकणाऱ्यांना ‘हाकेकरी’ म्हणत. समोरच्या खिंडीत वा पाणवठ्याच्या वाटेवर ठासणीची बंदूक घेतलेला बारवाला दबून बसे. ठासणीची बंदूक म्हणजे जिच्या नळीत तोंडाकडूनच दारू आणि छर्रे ठासून भरावे लागतात ती. एकदा बार उडाला की पुन्हा भरेपर्यंत जनावर डोंगर ओलांडून जाई.

जनावर पडल्यानंतर खरा सामाजिक व्यवहार सुरू होई, आणि तो वाटणीचा असे. बारवाल्याला नेहमीच्या वाट्याखेरीज मानाचा भाग, बहुधा मुंडी किंवा एखादी मांडी, मिळे. प्रत्येक हाकेकऱ्याला सारखा वाटा, कुत्रा आणणाऱ्याला कुत्र्याचाही वाटा, आणि देवाचा भाग वेगळा. सारखा वाटा याचा अर्थ सारख्या वजनाचा तुकडा असा नव्हे. प्रत्येक ढिगात थोडे मऊ मांस, थोडे हाड, थोडी चरबी, काळजाचा एक तुकडा आणि वजडीचा एक तुकडा, म्हणजे पोटाच्या पिशवीचा भाग, येईल अशी मांडणी करावी लागे, आणि ढीग लावणाऱ्याने स्वतःचा वाटा शेवटी उचलावा असा संकेत असे. मांस विकण्याचा व्यवहार जुनाच आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात कत्तलखान्यावरील अधिकाऱ्याची, सूनाध्यक्षाची, कर्तव्ये सांगताना ताजे व हाडाविरहित मांस विकावे आणि हाड आल्यास त्याची भरपाई द्यावी असे म्हटले आहे, आणि अभय दिलेल्या रानातील हरीण मारणाऱ्याला दंडही सांगितला आहे. शिकारीचे मांस मात्र गावात विकले जात नसे, वाटले जाई. इचलकरंजीच्या आसपासच्या गावांत जत्रा-म्हाईला चार घरांनी मिळून बकरे घेऊन वाटे लावण्याची जी पद्धत आजही पाहायला मिळते, तिच्यात हीच मांडणी जशीच्या तशी दिसते.

सुरीखालचे शास्त्र

हरणाच्या मांसाची प्रत जनावर पडल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात ठरते. रक्त पुरते निघून गेले नाही तर मांस लवकर नासते, आणि पोट लगेच उघडून आतडी बाहेर काढली नाहीत तर आतील उष्णता व वायू मांसापर्यंत पोहोचतात. सुरीचे टोक आत न जाता पाते वरच्या बाजूने चालले पाहिजे, कारण पोटाची पिशवी किंवा मूत्राशय फुटले तर त्याचा वास कितीही धुतले तरी जात नाही. डोळ्याखालच्या गंधग्रंथींना लागलेला हात मांसाला लावू नये, हाही त्यातलाच एक नियम. मग जनावर उलटे टांगून कातडे सोलले जाते. सोलताना सुरीपेक्षा मूठ अधिक चालते, कारण कातडे आणि मांस यांच्यातील पातळ पडदा मुठीने दाबला की आपोआप सुटतो आणि कातड्याला भोक पडत नाही. पस्तीस-चाळीस किलोच्या काळविटातून हाड वजा जाता पंधरा किलोच्या आसपास मांस निघते. सांबरासारखे दोनशे किलोंचे जनावर मात्र सबंध वाडीला पुरते.

मृत्यूनंतर काही तासांत स्नायू ताठरतात, कारण त्यांना सैल सोडणारी ऊर्जा संपलेली असते. स्नायूंतील साखरेचे आम्ल होऊन मांस किंचित आंबट बनते आणि त्यामुळे जंतूंची वाढ मंदावते. पण जे जनावर फार वेळ पळवून, दमवून मारले जाते त्याची साखर आधीच खर्ची पडलेली असते. असे मांस काळपट, चिकट राहते आणि लवकर बिघडते. दिवसभर हाकून मारलेल्या जनावराचे मांस चांगले लागत नाही हा जुन्या लोकांचा अनुभव, आणि त्यामागचे कारण हे असे आहे. थंड देशांत जनावर शून्य ते चार अंश तापमानात आठवडाभर वा अधिक काळ टांगून ठेवतात, तेव्हा मांसातलेच पाचकरस तंतू सैल करतात. दख्खनच्या उन्हात हे अशक्य होते. इथे मांस त्याच दिवशी चुलीवर चढवायचे किंवा त्याच दिवशी टिकवायला घ्यायचे, असे दोनच मार्ग होते, आणि पश्चिम महाराष्ट्राचा मांसाहारी स्वयंपाक या घाईतून घडला असावा असे मानायला जागा आहे.

हरणाच्या मांसात चरबी दोन-तीन टक्क्यांहून अधिक नसते. जी असते तीही चटकन गोठून टाळूला चिकटते, म्हणून ती काढून टाकतात. चरबी नसलेले मांस नुसते भाजले तर कोरडे पडते. त्याला बाहेरून स्निग्धता द्यावी लागते आणि मंद आचेवर इतका वेळ शिजवावे लागते की सांध्यांजवळच्या चिवट पडद्यांचा डिंकासारखा रस होईल. कोल्हापुरी पद्धतीत मटण आधी हळद, आले, लसूण घालून अळणी शिजवतात. त्या अळणी पाण्याचे दोन भाग होतात. एकात खोबरे, तीळ, कांदा-लसूण चटणी घालून तांबडा रस्सा, दुसऱ्यात नारळाचे दूध व खसखस घालून पांढरा. सुके खोबरे, तीळ आणि खसखस ही तिन्ही तेलाची बीजे आहेत, आणि चरबी नसलेल्या रानच्या मांसाला तीच हवी होती. बोकडाच्या मटणाला त्यांची तेवढी गरज नाही. हा निव्वळ तर्क आहे, पण मसाल्याच्या यादीकडे या नजरेने पाहिले तर ती अधिक समजते. कपाळ, पाय, काळीज, वजडी, रक्तापासूनची रक्ती असे काहीही वाया न घालवण्याची इचलकरंजीच्या मटणाच्या दुकानांतील रीतही, मांस क्वचितच मिळत असलेल्या काळाची आहे.

या परंपरेचा लेखी पुरावा जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात हरणांच्या शिकारीच्या अनेक युक्त्या एका प्रकरणात, तर मांस भाजण्या-शिजवण्याच्या पद्धती दुसऱ्या प्रकरणात सविस्तर दिल्या आहेत. कृष्णाकाठचा हा मुलूख त्या काळी चालुक्यांच्या सत्तेच्या प्रभावाखाली होता.

चान्या आणि लोणचे

एका दिवसात न संपणारे मांस टिकवण्याचे दोन मार्ग या भागात रूढ होते, आणि त्यांची जात-वर्गवार विभागणी दुर्लक्षिण्याजोगी नाही. पहिला मार्ग चान्यांचा. मांस तंतूंच्या दिशेने लांब पट्ट्यांत कापायचे, मीठ-हळद चोळून दोरीवर कडक उन्हात वाळवायचे, आणि लागेल तेव्हा निखाऱ्यावर भाजून किंवा कुटून कालवणात घालायचे. पाणी गेले की जंतूंना जगता येत नाही, एवढेच त्याचे तत्त्व. दक्षिण आफ्रिकेत कुरंगांच्या मांसाचे जे बिल्टाँग करतात ते व्हिनेगर व धने लावून याच तत्त्वावर वाळवले जाते. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या घरांतील चान्यांसह जे अन्न नोंदवले, त्यामुळे हा पदार्थ सन्मानाने मराठी पुस्तकात आला. बिल्टाँग जगभर पाकिटांतून विकले जाते आणि चान्यांचे नाव घेतानाही माणसाला कमीपणा वाटावा, हा फरक मांसाचा नसून ते खाणाऱ्यांकडे पाहण्याचा आहे.

दुसरा मार्ग लोणच्याचा, आणि त्याला तेल भरपूर लागत असल्यामुळे तो ऐपतीच्या घरांचा. मांसाचे बारीक तुकडे तेलात पाणी पूर्ण आटेपर्यंत तळतात, त्यांत आले-लसूण, तिखट, मीठ व लिंबाचा रस घालतात आणि वर तेलाचा थर राहील असे बरणीत भरतात. आज हे लोणचे बोकडाच्या मटणाचे केले जाते. त्यातील लिंबाकडे केवळ चवीची बाब म्हणून पाहणे धोक्याचे ठरते, कारण तेलाखाली हवा नसते आणि हवेशिवायच वाढणारा, प्राणघातक विष तयार करणारा एक जंतू अशा ठिकाणी फोफावू शकतो. त्याला रोखते ते आम्ल. लिंबू कमी करून लोणचे फडताळात ठेवणाऱ्यांनी ते शीतकपाटात ठेवलेले बरे.

रश्श्यापर्यंत पोहोचलेला कायदा

वन्यजीव कायद्यातील ‘शिकार’ या संज्ञेत मारण्याबरोबरच फास लावणे, विष घालणे, पकडणे आणि हाकणे हेही येते, आणि तसा प्रयत्नही त्यात मोडतो. काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत असल्यामुळे त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांचा कारावास आहे. शिकार झालेल्या वा मृत सापडलेल्या वन्यप्राण्याचे मांस, कातडे, शिंग ही सरकारची मालमत्ता ठरते. म्हणून रस्त्यावर वाहनाखाली सापडलेले हरीण घरी नेणेही गुन्हाच होय. शिजलेले मांस ओळखता येत नाही हा समज आता निराधार आहे. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी शतकाच्या आरंभी अशी पद्धत विकसित केली की मांसातील जनुकीय द्रव्याच्या एका छोट्या तुकड्यावरून प्राण्याची जात सांगता येते, आणि मसाल्यात शिजलेला तुकडाही अशा तपासणीत बोलका ठरू शकतो.

इतर देशांची उदाहरणे इथे पुष्कळदा दिली जातात, ती नीट समजून घ्यायला हवीत. अमेरिकेत परवाना काढून हरीण मारता येते आणि तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही शेजाऱ्याकडून असे मांस भेट मिळू शकते. परंतु मारलेल्या रानहरणाचे मांस बाजारात विकण्यास तिथे सर्वसाधारणपणे बंदी आहे. बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने एकोणिसाव्या शतकात तिथली जनावरे जवळजवळ संपली होती, आणि १९०० च्या लेसी कायद्यापासून हा धडा तिथे पक्का झाला. न्यूझीलंडमध्ये हरीण बाहेरून आणलेले, त्याचा उपद्रव वाढला, आणि १९६९ पासून ते कुंपणात पाळून मांस निर्यात करण्याची मुभा मिळाली. आपल्याकडे काळविटाचा माळच उरलेला नसताना या दोन्ही वाटा अप्रस्तुत आहेत.

इचलकरंजीच्या उत्तरेला, सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्यात राखलेले हरीण आणि भोवतालची शेती यांतली गुंतागुंत प्रत्यक्ष पाहायला मिळते. धो. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर वाढवलेल्या आणि १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळालेल्या या जेमतेम अकरा चौरस किलोमीटरच्या रानात सांबर, चितळ आणि काळविटे आणून सोडली गेली, ती वाढली, आणि कुंपण ओलांडून भोवतालच्या शेतांत उतरू लागली. पीक गेलेल्या शेतकऱ्याला भरपाईचा अर्ज करता येतो, पण हरणाचा माग कसा काढावा, कळप कोणत्या वाटेने येतो, त्याला इजा न करता परत कसे वळवावे, हे त्याला सांगणारा कोणी नसतो. हे नेमके फासेपारध्यांच्या हातातले काम होते. ज्या पिढीने बैलाआडून कळप वळवलेले पाहिले ती आता म्हातारी झाली आहे. तिच्याकडून हे तंत्र नोंदवून घेणे, आणि तिच्या नातवंडांना गणना, माग आणि पिकांची राखण या कामांवर रोजाने नेमणे, यासाठी वनविभागाला नवा कायदा लागत नाही, आणि हे काम या पिढीच्या हयातीतच व्हायला हवे.